जॅम आळला, पण थिजला नाही!

गेल्या जानेवारीतली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिच्या शाळेत दरवर्षी आनंदमेळावा भरतो आणि मुलांनी स्वतः केलेले पदार्थ तेथे विकायला ठेवायचे असतात. तिने व तिच्या चार मैत्रिणींनी स्ट्रॉबेरीचा जॅम करायचे ठरवले. पाचजणींनी खाऊचे पैसे एकत्र केले आणि रविवारी सकाळी मंडईतून चार किलो स्ट्रॉबेरी आणली. फळे फार पिकलेली, थोडी मऊ पडलेली होती, म्हणून स्वस्तात मिळाली. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.) तीन किलो साखर घालून दुपारभर जॅम शिजला. अर्ध्या अर्ध्या किलोच्या अकरा बाटल्या भरल्या, वर वाटीभर उरला. मंगळवारी एक बाटली उघडली, तर जॅम पोळीवर राहीना. तो ताटात उतरला आणि ताट कलते केले तसा कडेने वाहू लागला. मेळावा शनिवारी होता.

“बाबा, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग सांगा, याचे काय करायचे?”

मी वर्तमानपत्रातून डोके न काढता सांगून टाकले, “पाणी जास्त राहिले आहे. परत उकळा.”

हे उत्तर एक-तृतीयांश बरोबर होते. उरलेल्या दोन-तृतीयांशाची किंमत तीन बाटल्या जॅम इतकी झाली. ती कशी, ते सांगतो.

आधी बरोबर असलेला भाग पाहू. जॅम शिजवताना आपण मुख्यतः पाणी उडवत असतो. स्ट्रॉबेरीत शेकडा नव्वद भाग पाणीच असते. चार किलो फळात घनभाग चारशे ग्रॅम, त्यात तीन किलो साखर घातली की एकूण घनभाग ३.४ किलो झाला. चांगल्या जॅममध्ये घनभाग, म्हणजे बहुतांशी साखर, शेकडा ६५ च्या आसपास असावा लागतो. म्हणजे तयार जॅमचे वजन ३.४ भागिले ०.६५, सुमारे ५.२ किलो भरायला हवे होते. मुलींच्या बाटल्या आणि ती उरलेली वाटी मिळून ५.७ किलो भरली. घनभाग फक्त ६० टक्के! अर्धा किलो पाणी उडायचे राहिले होते. कढईचे वजन आधी करून ठेवले असते, तर साध्या तराजूनेच हे रविवारी कळले असते.

हीच गोष्ट तापमापकानेही कळते, आणि येथे भौतिकीचा एक सुंदर नियम उपयोगी पडतो. द्रवाचा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रव उकळतो. पाण्यात साखर विरघळली की पाण्याच्या रेणूंना पृष्ठभागावरून निसटणे थोडे अवघड होते, बाष्पदाब उतरतो आणि उकळी येण्यासाठी द्रावण अधिक तापवावे लागते. साखर जितकी दाट तितका उत्कलनांक वर. शेकडा ५० साखरेचे द्रावण पाण्यापेक्षा सुमारे २ अंश सेल्सिअस वर उकळते, ६० टक्क्यांचे सुमारे ३ अंश, ६५ टक्क्यांचे सुमारे ४ अंश आणि ७५ टक्क्यांचे तर सुमारे ८ अंश वर. शेवटी शेवटी हा आकडा कसा झपाट्याने चढतो ते पाहा. (बारावीच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकातल्या सूत्राने ६५ टक्क्यांचा हिशेब करावा. उत्तर फक्त २.८ अंश येते. सूत्र विरल द्रावणांसाठी आहे, आणि जॅमला विरल म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.) आपल्या घरची मंडळी एकतारी, दोनतारी, गोळीबंद पाक बोटांनी ओळखतात, तेव्हा तीही वेगळ्या वाटेने साखरेचे हेच प्रमाण मोजत असतात.

मी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरातला तापमापक काढला. (प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक अन्नात कधीही बुडवू नका. फुटला तर सगळे फेकून द्यावे लागेल.) तीन बाटल्या कढईत ओतल्या. जॅम उकळू लागला तेव्हा तापमापकाने १०१ अंश दाखवले. मुलींच्या पाककृतीच्या पुस्तकात ‘१०५ अंश होईपर्यंत शिजवावे’ असे छापले होते. मी म्हणालो, “बघा, चार अंश कमी आहेत!” आणि ज्योत मोठी केली.

वाचकहो, पंचवीस वर्षे उत्कलनांक शिकवणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याची मला अजून लाज वाटते. पुस्तकातले १०५ अंश समुद्रसपाटीचे आहेत. तेथे पाणी १०० अंशांना उकळते. आम्ही पुण्यात राहतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. येथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटरऐवजी सुमारे ७१ सेंटिमीटर असतो आणि पाणी ९८ अंशांनाच उकळते. म्हणजे आमच्या कढईत १०१ अंश म्हणजे पाण्यापेक्षा ३ अंश वर, साखर ६० टक्के. वजनाने जे उत्तर आले तेच! आणि जॅम तयार व्हायला हवा होता १०२ अंशांना, फक्त एक अंश पुढे. मी तो १०५ पर्यंत, म्हणजे पाण्यापेक्षा ७ अंश वर नेला. साखर सत्तरीच्या बरीच पुढे गेली.

गंमत अशी, की ज्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते गाव सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळते आणि जॅम शंभर अंश गाठण्याच्या आतच तयार होतो. तेथे कोणी १०५ चा हट्ट धरला, तर कढईत बहुधा चिक्कीच होईल. म्हणून तापमापक वापरायचा तर आधी त्याच दिवशी, त्याच तापमापकाने उकळत्या पाण्याचे तापमान मोजा आणि त्यात चार मिळवा. तापमापकात काही दोष असला, तर तोही या वजाबाकीत निघून जातो.

त्या तीन बाटल्यांचे काय झाले? काळपट, काकवीसारखा चिकट पदार्थ तयार झाला. खूप दाट, पण जॅम नव्हे. बाटली आडवी केली की तो सावकाश, अगदी सावकाश वाहत होता. चमच्याने मध्ये चर पाडला तर मिनिटाभरात चर बुजून पृष्ठभाग पुन्हा सपाट होई.

आणि येथेच मला आपल्या भाषेतला एक भेद आठवला. पाक आळतो, तूप थिजते. आळणे म्हणजे पाणी कमी होऊन दाट होणे. दाट झाला तरी तो द्रवच, वेळ दिला तर वाहणारच. थिजणे ही वेगळी घटना आहे. थिजलेल्या जॅमचा आकार टिकतो, चमच्याचा चर दुसऱ्या दिवशीही तसाच दिसतो. अशा पदार्थाला जेल म्हणतात. (तुरुंग नव्हे! पण उपमा म्हणून तुरुंगही चालेल, कारण त्यात पाणी खरोखरच कोंडलेले असते.) माझा जॅम आळला होता, थिजला नव्हता. तूप गार झाले की आपोआप थिजते, जॅमला मात्र त्यासाठी जाळे लागते.

बुधवारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी हे रडगाणे गायले. रसायनशास्त्राच्या बाईंनी शांतपणे तीन प्रश्न विचारले. “फळ कसे होते? लिंबू किती घातले? किती वेळ उकळलेत?” फळ अतिपिकलेले, लिंबू अजिबात नाही आणि उकळणे दोन्ही मिळून अडीच तास. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही साखरेचाच विचार केलात. पेक्टिन कुठे आहे?”

पेक्टिन हा वनस्पतींच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ. आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२५ साली त्याचे गुण अभ्यासून त्याला हे नाव दिले. थिजवणारा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. पेक्टिनचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी. गॅलॅक्टुरॉनिक आम्लाच्या शेकडो कड्या एकीला एक जोडून ती बनते. जॅम गार होताना या साखळ्या जागोजागी एकमेकींना धरतात, त्यांचे तिन्ही दिशांना पसरलेले जाळे तयार होते आणि साखरेचे पाणी त्या जाळ्याच्या खणांत अडकून पडते. जॅममध्ये पेक्टिन असते साधारण शेकड्याला एक भाग किंवा त्याहूनही कमी, पण तेवढ्यावर उरलेले नव्याण्णव भाग जागच्या जागी बसतात.

मग साखळ्या एकमेकींना धरत का नाहीत? त्याला दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की प्रत्येक साखळीभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात, त्यामुळे दोन साखळ्या जवळ येऊ शकत नाहीत. साखर हे पाणी आपल्याकडे ओढून घेते. जॅममध्ये इतकी साखर लागते ती केवळ गोडीसाठी नव्हे. दुसरी अडचण विजेची. साखळीवर जागोजागी आम्लाचे गट असतात. ते हायड्रोजन आयन सोडून देतात आणि साखळीवर ऋण प्रभार उरतो. सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही आठवीपासून ऐकत आला आहात. तेच येथे घडते. दोन्ही साखळ्या ऋण, त्या जवळ येणार कशा? पण द्रावणात लिंबाचा रस पिळला की हायड्रोजन आयनांची गर्दी होते, ते पुन्हा त्या गटांना जाऊन चिकटतात, प्रभार नाहीसा होतो आणि साखळ्या जवळ येतात. यासाठी सामू सुमारे ३ ते ३.३ असावा लागतो. साडेतीनच्या वर गेला तर जॅम थिजण्याची आशा फारशी नाही. उलट फारच खाली आणला, तर जाळे इतके आवळते की जेलमधून पाणी सुटू लागते.

पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिघांपैकी एक जरी कमी पडले तरी जाळे होत नाही. आणि विस्तव वाढवून यांतले एकच प्रमाण सुधारता येते, ते साखरेचे. उरलेल्या दोघांपैकी पेक्टिनला तर विस्तव मारकच आहे. आम्लात फार वेळ उकळले की त्या लांब साखळ्यांचे तुकडे होतात, आणि आखूड दोऱ्यांचे जाळे विणता येत नाही. मी तीन बाटल्यांत जे थोडे पेक्टिन उरले होते, तेही उकळून मोडून टाकले होते.

आता ते कंसातले वाक्य आठवा. कच्च्या फळात पेक्टिन न विरघळणाऱ्या रूपात असते, फळ पिकू लागले की ते विरघळणारे होते आणि फार पिकले की फळातलीच विकरे त्याचे तुकडे करतात. अतिपिकलेले फळ मऊ लागते ते त्यामुळेच. स्ट्रॉबेरीत मुळातच पेक्टिन कमी, त्यात आमची ही स्वस्तातली.

फ्रिजमध्ये मूठभर स्ट्रॉबेरी उरली होती. ती शिजवून गाळलेला रस मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. पेक्टिनची परीक्षा फार सोपी आहे आणि शिक्षकांनी ती वर्गात जरूर करून दाखवावी. परीक्षानळीत चमचाभर गार रस घ्या, त्यात दोन-तीन चमचे स्पिरिट घाला, हलकेच हलवा आणि मिनिटभर थांबा. स्पिरिटमध्ये पेक्टिन विरघळत नाही, ते वेगळे होते. रसात ते भरपूर असेल तर जेलीसारखा एकसंध गोळा बनतो, मध्यम असेल तर चार-दोन तुकडे आणि कमी असेल तर नुसते बारीक कण. स्पिरिट विषारी आहे आणि पेटतेही. जवळ ज्योत नको, चव घेणे नको, झाल्यावर मिश्रण फेकून द्यावे. आमच्या स्ट्रॉबेरीच्या रसात काही धूसर कण तरंगले, एवढेच. मग बाईंनी अर्धकच्च्या पेरूच्या फोडी पाण्यात शिजवून काढलेल्या अर्काची परीक्षा केली. तर काय, नळी उलटी केली तरी न पडणारा गोळा! आपल्याकडे कवठाची आणि पेरूची जेली पूर्वीपासून छान होते ती यामुळेच. आवळा, कच्ची करवंदे आणि संत्र्या-मोसंब्याच्या सालीतला पांढरा भाग यांतही पेक्टिन भरपूर असते. बाजारात पेक्टिनची पूडही मिळते. पण जानेवारीत पेरू दारावर येत असताना ती कशाला शोधायची?

घरी आल्यावर मुलींनी एक प्रयोग केला, आणि सगळ्या प्रकरणात मला तोच सर्वांत आवडला. एक बाटली जॅम चार वाट्यांत वाटून घेतला. पहिल्या वाटीतला तसाच ठेवला. दुसरीत नुसता लिंबाचा रस, तिसरीत नुसता पेरूचा अर्क आणि थोडी साखर, चौथीत अर्क, साखर आणि लिंबू तिन्ही. चारही वाट्या एकामागून एक छोट्या पातेल्यात १०२ अंशांपर्यंत उकळून रात्रभर ठेवल्या. गुरुवारी सकाळी पाहतो तो पहिली वाटी वाहत होती. साखर बरोबर असूनही! दुसरी जरा बरी, तिसरी मऊ लगद्यासारखी, पण कलती केली की हळूहळू सरकणारी. पेरूत पेक्टिन असले तरी आंबटपणा बेताचाच असतो. चौथीत मुलीने चमच्याने स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर कोरले. संध्याकाळपर्यंत ते तसेच होते.

त्याच प्रमाणात सात बाटल्या दुरुस्त केल्या. प्रमाण सांगून ठेवतो. एक किलो न थिजलेल्या जॅमला दीडशे मिलिलिटर पेरूचा अर्क, शंभर ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. अर्कासाठी पाव किलो अर्धकच्चे पेरू बारीक चिरून, बुडतील इतक्या पाण्यात अर्धा तास मंद शिजवावे व न पिळता फडक्यातून गाळावे. पिळले तर अर्क गढूळ होतो. पेक्टिनची पूड वापरायची असेल, तर ती आधी चार-पाचपट कोरड्या साखरेत मिसळून मगच टाकावी, नाहीतर गुठळ्या होतात. भांडे स्टीलचे आणि पसरट घ्यावे. अल्युमिनियम किंवा बिनकल्हईचे पितळ आंबट पदार्थाला नको.

पसरट भांड्याचा आग्रह कशासाठी, हेही सांगायला हवे. पाणी उडवायला उष्णता लागते, दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी. ही अप्रकट उष्मा तळातून आत जाते आणि वाफ वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडते. जॅम दुप्पट घातला पण भांडे तेच ठेवले, तर पाणी दुप्पट उडवायचे आणि तळ व पृष्ठभाग मात्र तेवढेच. म्हणजे वेळ दुप्पट, आणि तितका वेळ पेक्टिनचे तुकडे होत राहणार. चार किलोचा जॅम एकाच पातेल्यात लावणे ही मुलींची पहिली चूक होती. एका वेळी किलोभराच्या पुढे जाऊ नये. मोठ्या आचेवर, भराभर उकळून लवकर उतरवावा.

उतरवायची वेळ झाली की नाही, हे पाहण्यासाठी आणखी एक खूण आहे. एक स्टीलची ताटली आधी फ्रिजमध्ये ठेवावी. तिच्यावर जॅमचा थेंब टाकून मिनिटभर थांबावे आणि बोटाने हलकेच ढकलावे. वर सुरकुत्या पडल्या तर जॅम झाला. तापमापक फक्त साखरेचे प्रमाण सांगतो, ही ताटली तिघांचे मिळून सांगते. ती पाहीपर्यंत भांडे मात्र आचेवरून खाली घ्या, नाहीतर तुम्ही ताटलीकडे पाहत असताना कढईतला जॅम पुढे निघून जाईल.

आणि घाई करू नका. जाळे विणले जायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात. त्या वेळात ‘थिजला का, थिजला का’ म्हणून बाटली हलवत राहिलात, तर विणले जाणारे धागे तुम्हीच तोडता. दुरुस्तीच्या नादी लागण्याआधी दोन दिवस वाट पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. न थिजलेला जॅम वाया गेला असेही समजू नये. पण साखर ६५ टक्क्यांपेक्षा बरीच कमी असेल तर त्यात बुरशी व किण्व यांना वाव मिळतो, म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा.

अर्क व साखर वाढल्यामुळे सातांच्या पुन्हा जवळजवळ आठ बाटल्या झाल्या. शनिवारी सकाळी मुलींनी त्या कलत्या करून पाहिल्या. दुकानातल्यासारखा ठणठणीत नाही, पण चर टिकवणारा मऊ जॅम झाला होता. दुपारपर्यंत आठही गेल्या. फळांचे आणि साखरेचे पैसे निघून थोडे उरले. बुडालेल्या तीन बाटल्यांचा हिशेब मुलीने माझ्या नावावर मांडला, आणि ते न्याय्यच होते.

त्या तीन बाटल्या घरीच राहिल्या. वीस अंश तापमानाला पाण्यात साखर शेकडा ६७ पर्यंतच विरघळून राहते, त्यापुढची आज ना उद्या बाहेर पडू पाहते. पंधरा दिवसांनी बाटल्यांच्या बुडाशी चांगले टपोरे स्फटिक दिसू लागले. वरचा पाक आम्ही दुधात घालून संपवला. स्फटिक मुलीने धुऊन, वाळवून एका डबीत ठेवले आहेत.